साठीनंतरचा दमा मोजणीत का येत नाही

साठीनंतर किती जणांना दमा असतो? उत्तर प्रश्न कसा विचारला यावर ठरतं. ही टाळाटाळ नाही, आकडे खरोखरच तसे आहेत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या १२ केंद्रांवर श्वसनविकारांची मोठी पाहणी करवून घेतली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. १५ वर्षांवरच्या १ लाख ६९ हजार ५७५ लोकांना प्रश्न विचारले गेले. मुंबई आणि नागपूर ही त्यातली दोन केंद्रं. दमा निघाला २.०५ टक्के लोकांत. वाढतं वय, विडी-सिगारेट, घरात दुसरं कुणी ओढत असेल तर तो धूर, जवळच्या नात्यातला दमा आणि धूर करणारं जळण यांनी ही शक्यता वाढते असंही दिसलं.

आता या पाहणीत दमा कशाला म्हटलं होतं ते बघा. छातीत शिट्टी वाजणं, छाती आवळणं किंवा सकाळी धाप लागणं यांपैकी एक तक्रार हवी. तेवढ्याने भागत नव्हतं. दमा असल्याचं माहीत असणं, गेल्या वर्षभरात दम्याचा झटका येऊन गेलेला असणं किंवा श्वासनलिका रुंद करणारं औषध चालू असणं, यांतलंही एक हवं. ज्या आजीला 'दमा' हा शब्द कुणी सांगितलाच नाही आणि जिच्या हातात पंप कधी दिलाच नाही, ती रोज पहाटे चारला उठून बसत असली तरी बहुतेक वेळा या २.०५ टक्क्यांत येत नाही. पाहणीला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्नावलीने मोजायचं तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रेघेच्या पलीकडे कोण राहिलं हे विसरून चालत नाही.

अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या लोकांच्या हृदयविकारांची एक जुनी, नावाजलेली पाहणी आहे. तिच्यातून धूम्रपान करणारे आणि हृदय कमकुवत झालेले लोक वगळून पाहिलं, तेव्हा ४ टक्क्यांना नक्की दमा होता आणि आणखी ४ टक्क्यांना बहुधा दमा होता. जेवढे नक्की, तेवढेच संशयित. भारतात शाळकरी मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्या एका बहुकेंद्री अभ्यासात (पुणे हेही त्यातलं एक केंद्र) छातीत शिट्टी वाजणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांना दम्याचं निदान मिळालेलंच नव्हतं. लक्षणं तीव्र असलेल्यांतही ७० टक्के तसेच. हे तर तुलनेने तरुण लोक. आजी-आजोबांच्या पिढीत चित्र याहून बरं असेल असं मानायला काही आधार नाही.

२०१९ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ४३ लाख रुग्ण आहेत, म्हणजे जगातल्या रुग्णांच्या साधारण १३ टक्के. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा सुमारे ४३ टक्के. रुग्ण आठात एक आणि मृत्यू जवळपास निम्मे, यातली दरी निदान न होण्याची आणि चुकीच्या औषधाची आहे. दम्याने दगावणाऱ्यांत म्हाताऱ्यांचं प्रमाण सगळीकडेच जास्त असतं.

म्हातारी माणसं तक्रार का करत नाहीत? पहिलं कारण सगळ्यांना ठाऊक आहे: "वय झालं, आता धाप लागायचीच." दुसरं कारण कमी माहीत आहे. वय वाढतं तसं श्वासनलिका आवळल्याची जाणीवच बोथट होते. त्याच वेळी बरगड्यांचा पिंजरा ताठर होतो, फुप्फुसाची लवचीकता कमी होते आणि एका सेकंदात बाहेर फुंकता येणारी हवा तरुणपणानंतर दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटते. शिल्लक मुळातच थोडी आणि धोक्याची घंटा हळू वाजणारी. म्हणून त्यांचा झटका 'अचानक' वाटतो. तो अनेकदा चार-पाच दिवस शिजत असतो.

तिसरं कारण, माणूस नकळत आपलं जगणं आखडून घेतो. आधी देवळाचा जिना सुटतो, मग बाजारहाट, मग अंघोळीची बादली उचलणं. "धाप लागते का?" विचारलं तर उत्तर येतं "नाही", कारण धाप लागेल असं काही केलंच जात नाही. म्हणून प्रश्न वेगळा विचारावा: गेल्या वर्षी काय करत होता जे आता सोडलंय?

दमा म्हणजे लहानपणापासूनचा आजार, हा समजही आड येतो. साठीत-सत्तरीत पहिल्यांदा सुरू होणारा दमा असतो. त्यात ॲलर्जीचा भाग बहुधा कमी असतो आणि तो पाळी गेलेल्या बायकांत बराच दिसतो. सर्दी-खोकला झाला आणि मग छाती मोकळी झालीच नाही, अशी त्याची सुरुवात अनेकदा सांगितली जाते.

दमा की दुसरं काही

म्हातारपणी धाप लागण्याची कारणं एकावर एक बसलेली असतात, इथेच डॉक्टरही चकतात. हृदय कमकुवत झालं तरी रात्री श्वास कोंडतो आणि छातीत घरघर ऐकू येते. त्याला पूर्वी 'हृदयाचा दमा' म्हणत. आडवं पडल्यावर थोड्याच वेळात धाप लागणं, दोन-तीन उशा घ्याव्या लागणं, पावलांवर सूज, आठवड्यात दोन किलो वजन वाढणं हे हृदयाकडे बोट दाखवतं. दमा पहाटे जास्त, धूर-थंडी-सर्दीने वाढणारा आणि मधल्या काळात माणूस बऱ्यापैकी ठीक, असा असतो. फरक कळत नसेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि हृदयावर ताण आला की वाढणारी रक्तातली बीएनपी, या तपासण्या करून घ्याव्यात. दोन्ही आजार एकत्र असणंही विरळा नाही.

सीओपीडी, म्हणजे विडीच्या किंवा चुलीच्या धुराने कायमच्या अरुंद झालेल्या श्वासनलिका. त्यात धाप रोजची असते आणि वर्षागणिक वाढत जाते. तीस-चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईला विडी न ओढताही हा आजार होतो, आणि तिला दमाही असू शकतो. हा गोंधळ निस्तरायला हवा, कारण दमा असलेल्या माणसाला श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडशिवाय ठेवणं धोक्याचं आहे. सीओपीडीत ते सगळ्यांना लागतंच असं नाही.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडक्याची टीबीसाठी तपासणी आणि छातीचा एक्स-रे आधी. जुन्या टीबीने फुप्फुसात राहिलेले व्रणही धाप लावतात. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनॅलाप्रिल चालू असेल तर त्याची कोरडी ढास वेगळी, गोळी बदलली की काही आठवड्यांत जाते. गॅलरीत कबुतरं असतील तर तेही डॉक्टरांना सांगावं. त्यांच्या विष्ठेने आणि पिसांनी फुप्फुसाला येणारी सूज हा दमा नव्हे, पण बरेच महिने दमा म्हणून तिच्यावर उपचार होत राहतात.

फुंकायची तपासणी

निदानाचा कणा म्हणजे स्पायरोमेट्री, नळीत जोरात फुंकून बाहेर पडणारी हवा मोजायची तपासणी. रक्तदाब मोजल्याशिवाय रक्तदाबाची गोळी कुणी देत नाही, पण फुंकून न बघता वर्षानुवर्षं दम्याची औषधं दिली जातात आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

तपासणीला जाताना कवळी घट्ट बसत असेल तर घालूनच जावं, नळीभोवती ओठ नीट मिटतात. पोट तुडुंब भरलेलं नको. तात्पुरता पंप किमान ४ तास आधी आणि दिवसातून दोनदा घ्यायचा लांब पल्ल्याचा पंप २४ तास आधी बंद ठेवायला सांगतात, पण त्रास चालू असेल तर विचारल्याशिवाय बंद करू नये. नुकताच हृदयविकाराचा झटका, मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी सांगावं. जोरात फुंकताना डोळ्यावर आणि पोटावर ताण येतो. फुंक किमान ६ सेकंद टिकवावी लागते. म्हातारी माणसं तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला सोडून देतात आणि अहवाल चुकतो. तंत्रज्ञाने शेजारी उभं राहून "अजून, अजून" म्हणायला हवं. ती घाई करणारी जागा असेल तर दुसरीकडे जा.

पहिल्या फुंकीनंतर सालब्युटामॉल या श्वासनलिका लगेच उघडणाऱ्या औषधाचे ४०० मायक्रोग्रॅम (१०० चे ४ पफ, म्हणजे फवारे) देऊन १० ते १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदातली हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढली तर श्वासनलिका औषधाने उघडतात, असा जुना निकष. समजा, १.१० लिटरवरून १.३४ झाली. वाढ २४० मिलिलिटर, साधारण २२ टक्के. प्रश्न सुटला. पण साडेचार फूट उंचीची, पंचाहत्तरीची बाई ०.८० वरून ०.९५ वर आली तर वाढ जवळपास १९ टक्के असूनही २०० मिलिलिटरची अट पुरी होत नाही, आणि तिच्या अहवालावर 'फरक नाही' असा शिक्का बसतो. लहान फुप्फुसातून २०० मिलिलिटर आणायचे कुठून? २०२१ मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या श्वसनविकार संस्थांनी निकष बदलला: वय-उंचीनुसार अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त वाढ. या बाईचा अपेक्षित आकडा १.३० लिटर धरला तर १३० मिलिलिटरच्या वर पुरे. ती १५० ने वाढली, म्हणजे उत्तीर्ण. अहवालावर कोणता निकष लावलाय ते विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

उलटी चूकही होते. पहिल्या सेकंदातली हवा भागिले एकूण हवा हे गुणोत्तर ०.७० च्या खाली गेलं की सीओपीडी, असं सरसकट धरतात. हे गुणोत्तर वयाबरोबर आपोआप घसरतं, त्यामुळे निरोगी ऐंशीच्या आजोबांनाही ते लेबल चिकटू शकतं. वयानुसारची खालची मर्यादा बघणं जास्त योग्य.

आणि दमा असूनही एखाद्या दिवशी तपासणी अगदी स्वच्छ येते, कारण दम्याचा स्वभावच चढउताराचा. अशा वेळी पीक फ्लो मीटर कामाला येतं. ते फुंकीचा वेग मोजणारं, हातात मावणारं प्लास्टिकचं, बिनविजेचं यंत्र आहे. काटा शून्यावर आणायचा, उभं राहून पूर्ण श्वास भरायचा, ओठ घट्ट मिटून एकच जोरदार फुंक मारायची. तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. सकाळी उठल्यावर पंप घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं दोन आठवडे. सकाळी १९० आणि संध्याकाळी २५० आले तर फरक ६०, दोन्हींची सरासरी २२०, म्हणजे सुमारे २७ टक्के. असे रोजचे टक्के काढून त्यांची सरासरी १० च्या वर गेली तर दम्याच्या बाजूने पुरावा झाला. हिशेब नातवंडांकडे द्यावा. वहीवर बारीक नजर ठेवायला त्यांच्यासारखं कुणी नाही.

औषधांच्या डब्यात

निदान होण्याआधी आणि झाल्यावरही घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओतावीत. डोळ्यांचे थेंबसुद्धा. काचबिंदूसाठी दिला जाणारा टिमोलॉल हा बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे हृदय आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांच्याच जातीचा. थेंब डोळ्यातून नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो आणि श्वासनलिका आवळतो. डोळ्यांचे डॉक्टर दम्याचं विचारत नाहीत, छातीचे डॉक्टर थेंबांचं विचारत नाहीत, आणि माणूस महिनोन्‌महिने धापा टाकतो. थेंब मनाने बंद करू नयेत, नजर जाईल. काचबिंदूसाठी दुसऱ्या जातीचे थेंब मिळतात, ते लिहून घ्यावेत. प्रोप्रॅनोलॉल आणि ॲटेनोलॉल या त्याच जातीच्या गोळ्यांचंही तसंच. त्याही एकदम बंद करायच्या नसतात.

गुडघ्यांसाठी घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनने आणि ॲस्पिरिनने काही दमेकऱ्यांना तासा-दोन तासांत जोराचा झटका येतो. प्रौढ दमेकऱ्यांत हे प्रमाण साधारण ७ टक्के. नाकात मांसवाढ आणि वास न येणं ही त्याची खूण. वेदनेसाठी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं.

थिओफिलिन या दम्याच्या जुन्या औषधाच्या गोळ्या स्वस्त, म्हणून खेडोपाडी अजून चालतात. त्यांच्यात उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांतलं अंतर फार थोडं असतं, आणि म्हातारपणी यकृत त्या हळू निचरतं. वर सर्दी-तापासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं की रक्तातली पातळी चढते. मळमळ, हातांना कंप, छातीत धडधड सुरू झाली तर आधी या जोडीचा संशय घ्यावा.

पंप, आणि पंपाचे घोटाळे

"पंपाची सवय लागते" आणि "पंप म्हणजे शेवट" ही दोन वाक्यं दम्याइतकीच जुनी. सरळ हिशेब करा. झटक्यात प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांची ४० मिलिग्रॅमची मात्रा देतात, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम पोटातून साऱ्या शरीरात. ब्युडेसोनाइड या श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडच्या पंपातून दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम, तेही थेट छातीत. दोन औषधं एकसारखी नाहीत, पण भीती कशाची वाटायला हवी ते कळतं. हाडं, साखर आणि मोतीबिंदू यांचा प्रश्न वारंवार गोळ्या घेण्याने येतो. म्हणूनच दम्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्या संशयास्पद. 'एका दिवसात गुण' येतो तेव्हा त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड कुटून घातलेलं असतं. कोजागिरीच्या खिरीतलं औषध किंवा हैदराबादला मृगात गिळायचा मासा यांच्या भरवशावर रोजचा पंप थांबवणं ही खरी हानी. खीर खायला कुणाची ना नाही.

नुसता तात्पुरता आराम देणारा सालब्युटामॉल पंप किंवा त्याच्या गोळ्या, हा दम्याचा उपचार नव्हे. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेने प्रौढांना एकटा सालब्युटामॉल देणं थांबवायला सांगितलं आहे. त्याने नळी उघडते, आतली सूज तशीच राहते. २०० पफांचे तीन पंप वर्षात संपत असतील तर झटक्याचा धोका वाढलाय असं समजावं, आणि महिन्याला एक संपत असेल तर जिवाचा. ब्युडेसोनाइड आणि श्वासनलिका उघडणारं फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप बहुतेकांना रोजच्यासाठीही आणि त्रास वाढल्यावरही चालतो. तो देशाच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे.

म्हाताऱ्यांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं, द्यावंच. दाबणं आणि श्वास ओढणं एकाच क्षणी जमत नाही, औषध घशावर आपटतं. पंप हलवावा, पूर्ण श्वास सोडावा, स्पेसरमध्ये एकच पफ मारावा आणि हळू ओढून १० सेकंद धरावा. धरवत नसेल तर त्यातच पाच-सहा साधे श्वास घ्यावेत. अर्ध्या मिनिटाने दुसरा पफ. दोन पफ एकदम मारले तर थेंब एकमेकांना चिकटून भिंतीवर बसतात. नंतर चूळ भरून थुंकावी, कवळी काढून धुवावी. नाहीतर तिच्याखाली पांढरी बुरशी धरते आणि "पंपाने तोंड आलं" म्हणून पंपच सुटतो. स्पेसर आठवड्याला साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यावा. फडक्याने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं.

कॅप्सूल घालून ओढायच्या पावडरीच्या यंत्राला जोरकस श्वास लागतो, तो अशक्त माणसाला जमेलच असं नाही. यंत्रात श्वास सोडला की पावडर ओलसर होते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात कॅप्सूल पाकिटातून आधीच काढून ठेवल्या तरी तेच होतं. आणि सर्वांत साधा घोटाळा: कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणं. मागे उभं राहून हसू नका, पहिल्या दिवशी समोर करून दाखवा.

पंप पाण्यात तरंगतो का बघून तो रिकामा आहे का हे ठरवू नये. औषध संपल्यावरही फवारा मारणारा वायू उरतो. १२० पफांचा पंप, दोन सकाळी, दोन संध्याकाळी, म्हणजे ३० दिवस. सुरू केल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून पंपाला लावा. सांधे दुखत असतील आणि अंगठ्याने दाबत नसेल तर दोन्ही हातांची बोटं वापरावीत.

घरातल्या धुराचं थोडक्यात. मच्छरांची एक कॉइल पूर्ण जळते तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असं मोजमाप प्रसिद्ध आहे. मच्छरदाणी लावा. धूप-उदबत्ती दिवाणखान्यात नको. उन्हाळ्यात तिखट कुटायचं असेल त्या दिवशी आजोबांना दुसऱ्या घरी पाठवा. पावसाळ्यानंतर भिंतीवरची बुरशी आणि दिवाळीचे फटाके हा काळ वाईट, म्हणून फ्लूची वार्षिक लस आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनियाच्या जंतूची) लस डॉक्टरांना विचारून त्याच्या आत घेतलेली बरी.

झटका आला तर माणसाला बसतं करा, आडवं नको. सालब्युटामॉलचे ४ पफ स्पेसरमधून, एकेक करून. २० मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा ४ आणि १०८ ला फोन. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर असतील, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९२ च्या खाली असेल किंवा माणूस गुंगायला लागला असेल तर २० मिनिटंही थांबू नका. गुंगी आल्यावर घरघर थांबते. ती बरं वाटल्याची खूण नसते, हवाच आत जात नसते. गाडीत बसतानाही पंप आणि स्पेसर हातात ठेवा, वाटेत दर २० मिनिटांनी देता येतात. किती पफ आणि किती वाजता दिले ते कागदावर लिहून न्या. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच येतो.